साडेचार तासांचं अंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २५, मूळ सांगलीचे, जर्मनीत आखेनला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स, तिसरं सत्र. मैत्रीण पुण्यात हिंजवडीला नोकरी करते, चार वर्षांचं नातं, जात वेगळी, दोन्ही घरी अजून सांगितलेलं नाही. गेल्या महिन्याभरापासून रोज फोनवर भांडण. वर्गातल्या नागपूरच्या एका मुलीसोबत रोजचा स्वयंपाक-अभ्यास होतो, तिच्याबद्दल ओढ वाटते आणि त्याचा अपराधीपणाही. रात्री नीट झोप लागत नाही, पहाटे साडेतीनला मोडते. डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जाणं आहे, तेव्हा ‘लग्न उरकून टाकलं तर हे सगळं थांबेल का’ असं विचारलं आहे.

लग्नाचा भाग शेवटी घेतो, कारण तो सगळ्यात सोपा आहे. निदान त्याचे नियम तरी लिहिलेले आहेत. आधी आठवणीचं पाहू.

तुम्हाला ‘तिची’ आठवण येते असं तुम्ही लिहिलं आहे. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. परक्या देशात पहिल्या दीड-दोन वर्षांत जी कालवाकालव होते, तिच्यात चार-पाच गोष्टी मिसळलेल्या असतात: माणूस, मराठी बोलणं, घरचं जेवण, उजेड, आणि आपण कुणीतरी आहोत ही भावना. सांगलीत तुम्ही अमक्यांचे चिरंजीव, कॉलेजात पहिल्या पाचांत. आखेनला तुम्ही रांगेतला एक माणूस, ज्याला बेकरीत साधं वाक्य धड बोलता येत नाही. या सगळ्याची भूक लागते आणि ती भागवायला हाताशी एकच माणूस असतं, तेही फोनवर. चाळीस मिनिटांच्या फोनवर पाच माणसांचं ओझं टाकलं की फोन मोडणारच.

म्हणून दहा दिवस एक वही ठेवा. ओढ असह्य होईल तेव्हा चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, शेवटचं नीट जेवण कधी झालं, त्या दिवशी कुणाशी समोरासमोर दहा मिनिटांहून जास्त बोलणं झालं, आणि नेमकं काय हवंसं वाटलं. ‘ती हवी’ एवढंच लिहू नका. ‘तिने माझा दिवस ऐकावा’, ‘कुणीतरी डोक्यावरून हात फिरवावा’, ‘मराठीत चार शिव्या हासडता याव्यात’ असं लिहा. बहुतेक वह्यांमध्ये दोन जागा ठळक दिसतात. एक, संध्याकाळी पाच ते सात, रिकाम्या पोटी. दुसरी, रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्याने बंद, रस्ते ओस, आणि पुण्यात ती नेमकी त्याच दिवशी घरच्यांच्या गराड्यात, म्हणजे फोन घेता येत नाही. याला प्रेम आटलं असं म्हणत नाहीत, याला रविवार म्हणतात. त्या दिवशी सकाळी अकराला घराबाहेर पडण्याचं काहीतरी ठरलेलं हवं: क्रिकेट, ट्रेक, ग्रंथालय, कुणाकडे जेवण. ठरलेलं म्हणजे दुसरं माणूस वाट पाहत असेल असं. ‘जमलं तर जाईन’ हे रविवारी कधीच जमत नाही.

आता घड्याळ. भांडणं महिन्याभरापासून सुरू झाली असं तुम्ही लिहिलं आहे आणि प्रश्न नोव्हेंबरच्या अखेरीस आला आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एक तास मागे जातं. उन्हाळ्यात भारत तुमच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे संध्याकाळी सहाला लेक्चर संपवून तुम्ही फोन लावता, तो आधी तिला रात्री साडेनऊला यायचा, जेवण आटोपून, निवांत. आता येतो साडेदहाला, दिवसभराचं ऑफिस आणि हिंजवडीची वाहतूक सोसून डोळे मिटायला लागल्यावर. तुमची वेळ बदललेली नाही, म्हणून तुम्हाला वाटतं तीच बदलली. तिला वाटतं तुम्हाला तिच्या झोपेची पर्वा नाही. दर नोव्हेंबरला कितीतरी जोडपी याच एका तासावर अडखळतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी हा तास परत मिळतो. (अमेरिकेत तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. कॅलिफोर्निया तर हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, तिथे गणितच निराळं.)

हिवाळ्यापुरता फोन हलवा. तुमच्या सकाळी आठला तिचे साडेबारा वाजतात, म्हणजे जेवणाची सुट्टी. तुमच्या दुपारी एकला तिचे साडेपाच. शनिवारी तुमचे तीन म्हणजे तिचे संध्याकाळचे साडेसात. यातून दोन प्रकारचे फोन ठरवा. रोजचा पाच-सात मिनिटांचा, हजेरीचा: जेवलीस का, काय झालं, चल ठेवतो. आणि आठवड्यातून एक, तास-सव्वा तासाचा, बसून बोलायचा. त्या वेळी दोघांच्याही हातात दुसरं काम नको. गंभीर विषय फक्त या दुसऱ्या फोनसाठी राखायचे. हजेरीच्या फोनवर ‘आपलं पुढे काय?’ काढलं की तो फोनही जातो आणि उत्तरही मिळत नाही. हा लांब फोन चुकला तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ द्यायची, आणि ती ज्याच्यामुळे चुकला त्यानेच सुचवायची.

रात्रभर व्हिडिओ चालू ठेवून झोपण्याची पद्धत हल्ली फार दिसते. तुम्हीही तेच करत असाल तर आधी ते बंद करा. साडेचार तासांच्या फरकात एक जण नेहमी दुसऱ्याच्या गजराने उठतो. तुमची झोप ज्या पहाटे साडेतीनला मोडते, तेव्हा पुण्यात आठ वाजलेले असतात. नीट पाहा, तो योगायोग नसावा. स्वयंपाक करताना फोन समोर टेकवून ठेवणं मात्र चांगलं. तिथे बोलण्याची सक्ती नसते, फोडणीचा आवाज ऐकू येतो, आणि एकत्र राहणाऱ्या माणसांतली शांतता थोडीफार मिळते.

भांडणाचे दोनच नियम पुरतात. लेखी वाद तीन मेसेजपर्यंत. चौथा आवाजात, आणि आवाजात शक्य नसेल तर उद्या. दुसरा, समोरच्याच्या घड्याळात रात्री दहानंतर नवा वाद काढायचा नाही. लिहिलेल्या ‘ठीक आहे’ला सूर नसतो, वाचणारा स्वतःच्या मनातला सूर लावतो, आणि एकटं बसलेलं माणूस नेहमी वाईटच सूर लावतं. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा आणि ‘लास्ट सीन’ दोघांनी ठरवून एकाच दिवशी बंद करा. एकट्याने न सांगता बंद केलं तर त्याच्यावरच नवं भांडण होतं. लोकेशन शेअर करणं सुरक्षिततेसाठी कधीतरी ठीक, कायमचं चालू असेल तर ती पाळत होते. ग्रंथालयाच्या जागी पबचं नाव दिसलं की माणूस प्रश्न विचारत नाही, उलटतपासणी घेतो.

महिन्यातून एक पत्र लिहा, कागदावर. साध्या टपालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात, लागू द्या. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर घरून यायचं तर बोटीने महिना तरी जायचा, त्यामुळे पत्रात ‘आज काय खाल्लं’ला जागा नसे आणि माणूस स्वतःचं काय चाललं आहे ते नीट जुळवून लिहायचा. फोनवर आपण बातम्या देतो. पत्रात विचार पूर्ण करावा लागतो, आणि तिला तुमचे पूर्ण झालेले विचार गेल्या वर्षभरात कमीच मिळाले असावेत.

खाऊच्या डब्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत, टपालानेही नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप बाद. आंबे आणि ताजा कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते घरगुती डब्याला कुठून असणार. चिवडा, चकली, मेतकूट, मसाला, तेलातलं लोणचं आणायला हरकत नाही. खासगी भेटवस्तू ४५ युरोंपर्यंत सीमाशुल्कातून सुटते, पण पाकिटावर आत काय आहे आणि किंमत किती हे लिहिलेलं हवं. आईने प्रेमाने पाठवलेला तुपाचा डबा कस्टममध्ये अडकला की त्या दिवशी होणारं रडू डब्याच्या किमतीच्या मानाने फार मोठं असतं; ते टाळा.

रोजच्या जेवणाचं फार ताणत नाही. तूरडाळ, पोहे भारतीय किंवा आशियाई दुकानात मिळतात, कोथिंबीर तुर्की दुकानात. तिथली पार्सली कोथिंबिरीसारखीच दिसते, वास घेऊन मगच जुडी उचला. छोटा कुकर डिसेंबरच्या बॅगेत टाका. संध्याकाळी पाचला काहीतरी पोटात गेलेलं हवं, एवढाच मुद्दा.

उजेडाचं मात्र हलक्यात घेऊ नका. आखेनला डिसेंबरात साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला मावळतं, त्यातही ढग. सांगलीच्या उन्हात वाढलेल्या शरीराला ही शिक्षा असते. जागं होऊनही अंगात जीव नसणं, गोड आणि पाव-बटाटा सतत खावासा वाटणं, झोप वाढणं किंवा मोडणं, कशातच रस नसणं, ही हिवाळी औदासीन्याची लक्षणं आहेत आणि माणसं त्यांना विरह समजतात. सकाळी उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चालायचं, आभाळ असलं तरी. ढगाळ उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. त्याने भागत नसेल तर १०,००० लक्सचा दिवा मिळतो, रोज सकाळी २०–३० मिनिटं, दिव्याकडे थेट न बघता, पेटीवर दिलेल्या अंतरावर बसून. संध्याकाळी लावला तर उलट झोप उडते. डोळ्यांचा आजार असेल किंवा घरात कुणाला उन्माद-नैराश्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ड जीवनसत्त्वाची तपासणी नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्या, अंदाजाने मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नका.

दोन आठवडे सलग झोप चार तासांच्या आत, जेवण सुटलेलं, लेक्चरला जाणं बंद, किंवा ‘आपण नसलो तर बरं’ असं मनात येणं, यांपैकी काहीही असेल तर वही वगैरे बाजूला ठेवा आणि मदत घ्या. विद्यार्थ्यांच्या कल्याणासाठी जी संस्था तुमचं मेस आणि वसतिगृह चालवते, तिच्याकडे किंवा विद्यापीठाकडेच मानसिक समुपदेशन असतं. ते मोफत आणि गोपनीय असतं, इंग्रजीत सहसा मिळतं. व्हिसाशी त्याचा संबंध नसतो. ही भीती उगीच पसरलेली आहे. विम्यातून मानसोपचारही मिळतो, पण प्रतीक्षा महिन्यांची असू शकते, म्हणून पहिल्या भेटीसाठी ११६११७ वर विचारा. रात्री-अपरात्री बोलायचं तर ०८०० १११०१११ हा मोफत क्रमांक चोवीस तास असतो. जिवाला धोका असेल तर ११२. पुण्यात तिला गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

आता नागपूरची मैत्रीण. तुम्ही स्वतःला बदफैली ठरवून मोकळे झाला आहात. त्याची गरज नाही आणि त्याने काही सुटतही नाही. रोज एकत्र जेवणाऱ्या, एकाच परीक्षेला घाबरणाऱ्या, एकाच भाषेत हसणाऱ्या दोन माणसांत जवळीक निर्माण होतेच. प्रश्न एवढाच, की त्या जवळिकीतलं काय तुम्ही पुण्याला सांगत नाही. आज काय-काय सांगायचं टाळलंत त्याची यादी करा. ‘आज तिने पिठलं केलं’ हेही टाळत असाल, तर लपवाछपवी सुरू झालेली आहे आणि सीमा तिथे आखायची. रोजच्या दोघांच्या स्वयंपाकात आणखी दोन माणसं घ्या. चौघांचं जेवण स्वस्तही पडतं. रात्री दहानंतरचं मन मोकळं करणं बंद. पुण्याबद्दलच्या तक्रारी तिच्यापाशी करायच्या नाहीत, कारण एकीच्या तक्रारी दुसरीला सांगणं ही जवळीक वाढवण्याची सगळ्यात जलद वाट आहे, आणि त्यात तिच्यावरही अन्याय होतो. तीन-चार आठवडे हे पाळून, उजेड-झोप-जेवण सुधारूनही ओढ तेवढीच राहिली, तर मात्र ती खरी समजा आणि पुण्याशी स्पष्ट बोला. मेसेजवर नाही, तिच्या परीक्षा-अप्रेझलच्या आठवड्यात नाही, आणि ‘अंतरामुळे’ असं खोटं कारण देऊन नाही.

अंतरापेक्षा जास्त नाती मोडतात ती तारीख नसल्यामुळे, किंवा चुकीच्या तारखेमुळे. निघताना तुम्ही ‘दोनच वर्षं’ म्हणाला असणार. मास्टर्स कागदावर चार सत्रांचं, प्रत्यक्षात प्रबंध आणि राहिलेले विषय धरून पाच-सहा सत्रं सहज होतात. नंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. म्हणजे खरा हिशेब चार-साडेचार वर्षांपर्यंत जाऊ शकतो. ती अजून दोनाच्या हिशेबाने दिवस मोजते आहे, आणि प्रत्येक लांबलेला विषय तिला मोडलेला शब्द वाटतो. डिसेंबरात भेटाल तेव्हा कागद-पेन घेऊन बसा आणि तीन तारखा लिहा: प्रबंध कधी जमा, नोकरी नाही मिळाली तर कोणत्या महिन्यात परतायचं, आणि पुढची भेट कधी. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एक भेट संपण्याआधी दुसरीची तारीख ठरलेली असली की विमानतळावरचं रडू निराळं असतं.

भेटीसाठी मार्चची अखेर किंवा सप्टेंबरची अखेर पाहा, तेव्हा परीक्षा उरकलेल्या असतात आणि डिसेंबरच्या मानाने तिकीट बरंच उतरतं. विद्यार्थ्याच्या खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, दाखवावे लागतात. त्यातून महिना ६० बाजूला टाकले तर वर्षाला ७२० होतात. तिकिटाचा बहुतेक खर्च त्यात निघावा. ती तिकडे येणार असेल तर शेंगेन व्हिसाचे ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, आणि मुख्य म्हणजे ती परत जाणार याचा पुरावा: मंजूर रजेचं पत्र, पगाराच्या पावत्या, आयकर विवरण. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. नकार बहुधा याच परतीच्या शंकेवर येतो. मुलाखतीत तुमच्याबद्दल खोटं बोलू नये. मित्राला भेटायला जाणं हा गुन्हा नाही.

आणि लग्न. तीन आठवड्यांत विशेष विवाह कायद्याने नोंदणी बसत नाही. १९५४ च्या त्या कायद्यात दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं (ते तिचं पुण्यात आहे), पण नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तीन साक्षीदार. शिवाय, ज्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे त्याच्या जिल्ह्याच्या कार्यालयातही नोटिशीची प्रत लागते. म्हणजे सांगलीच्या फलकावर तुमचं नाव झळकेल. गुपचूप उरकण्याचा बेत असेल तर हे लक्षात घ्या. दोघंही हिंदू असाल तर हिंदू विवाह कायद्याने विधी करून मागाहून नोंदणी करता येते, जात आड येत नाही, नोटिशीची वाट पाहावी लागत नाही. पण लग्न झाल्याने ती जानेवारीत आखेनला येईल असं नाही. विद्यार्थ्याच्या परवान्यावर, नंतर झालेल्या लग्नाच्या जोडीदाराला बोलावणं हा हक्क नसतो, अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग असतो. तिला साधारणपणे जर्मनची ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळी लागते, पुरेसं घर आणि दोघांचा खर्च दाखवावा लागतो. ९९२ युरोंत ते बसत नाही. तुम्हाला नोकरी लागून ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना) मिळालं की चित्र पालटतं: जोडीदाराला ए-१ ची अट नाही आणि आल्या दिवसापासून काम करता येतं. पदवी होऊन तीन वर्षं झालेली नसतील तर ब्लू कार्डासाठीची पगाराची अटही कमी असते. त्यामुळे माझं मत: डिसेंबरात लग्न नको. तिने पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा कुठेही जर्मन सुरू करावं. अट म्हणून नाही, तिथे येऊन तिची अवस्था तुमच्या पहिल्या सहा महिन्यांसारखी होऊ नये म्हणून.

पुढे लग्न कराल तेव्हा विवाह प्रमाणपत्रावर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तश्शी, अक्षर न अक्षर. आपल्याकडे मुलीच्या नावामागे वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं आणि आडनाव बदलतं, तिथेच पदवी, पासपोर्ट आणि प्रमाणपत्र यांची फारकत होते. व्हिसा हातात पडेपर्यंत तिने नाव बदलू नये. बदलायचं की नाही हे नंतर तिने ठरवावं.

मग डिसेंबरात करायचं काय? घरी सांगायचं. फोनवर नाही, समोर बसून. उतरल्यावर पहिले तीन दिवस नाही, तेव्हा तुम्ही पाहुणे असता आणि घर आनंदात असतं. निघायच्या आधीचे चार दिवसही नाही, कारण मग बॉम्ब टाकून पळाल्यासारखं होतं. दुसऱ्या आठवड्यात, आधी एकट्या आईला, किंवा घरात ज्यांचं ऐकलं जातं त्या मावशी-काकांना. स्थळं बघणं थांबवा एवढीच पहिली मागणी ठेवा, होकार मागू नका. जातीवरून बोलणं निघेल, आवाज चढेल, पत्रिका निघेल. त्या दिवशी उत्तर न देता ऐकून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा विषय काढा. ती तिच्या घरी त्याच आठवड्यात सांगणार असेल तर दिवस एकमेकांना कळवून ठरवा. एका घरची बातमी दुसऱ्या घरी ओळखीतून पोचली की पहिली तक्रार प्रेमाची नसते, ‘आम्हाला बाहेरून कळलं’ ही असते.